तळहात उताणा होण्यासाठी

देवळात तीर्थ घ्यायला उजवा हात पुढे करायचा, तळहात वर, मधे खळगा. माझ्या आत्याला ते जमत नाही, हे आधी पुजाऱ्यांच्या लक्षात आलं आणि मग आमच्या. पावसाळ्यात मोरीच्या कट्ट्यापाशी ती घसरली, हात टेकून पडली आणि मनगटाजवळ हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण आखूड आणि तिरकं. बोटं चालत होती, मूठ वळत होती, मनगट थोडंफार वर-खाली होत होतं. तळहात मात्र अर्ध्या वाटेवर अडायचा, अंगठा वर आणि करंगळी खाली. पळी वाकली की तीर्थ कडेनं ओघळून जायचं. ती डाव्या हातानं उजव्याला खालून आधार द्यायची, सगळं अंग एका बाजूला झुकवायची, तरी तळहात वर येत नसे.

तेव्हापासून मनगटाच्या कृत्रिम सांध्यांबद्दल मिळेल ते मी वाचत आलो, भेटतील त्या डॉक्टरांना विचारत आलो. गुडघा बदललेली माणसं आता गल्लोगल्ली दिसतात. मग मनगट का बदलत नाहीत, हा माझा पहिला प्रश्न होता. प्रश्नच चुकीचा होता, हे कळायला वेळ लागला. मनगटाशी एक सांधा नसतो. दोन निरनिराळी कामं करणारे दोन सांधे तिथे शेजारी शेजारी असतात. त्यांचे आजार वेगळे, त्यांच्यावरच्या उपायांचा इतिहास वेगळा, आणि आजची परिस्थितीही वेगळी. बोलताना मात्र रुग्णच काय, कधीकधी डॉक्टरही दोघांना एकाच 'मनगटा'त कोंबतात.

पहिला सांधा सगळ्यांना माहीत असलेला. कोपरापासून निघालेलं रेडियस हे हाड अंगठ्याच्या बाजूनं खाली येतं आणि त्याच्या टोकाशी मनगटातली आठ छोटी हाडं दोन ओळींत बसतात. हात मागे-पुढे, डावी-उजवीकडे झुकतो तो इथे. दुसरा सांधा त्याच्या कुशीत असतो आणि बहुतेकांना त्याचं नावही ठाऊक नसतं. करंगळीच्या बाजूचं अल्ना हे हाड खाली येऊन गोल डोक्यात संपतं. रेडियसच्या कडेला त्याच्यासाठी एक उथळ खाच असते. तळहात उताणा-पालथा होतो तेव्हा अल्ना जवळजवळ जागच्या जागी राहते आणि रेडियस, पंजाला सोबत घेऊन, तिच्याभोवती फिरतो. जात्याचा मधला खिळा स्थिर आणि वरचा दगड फिरता, तसं. खाचेची गोलाई मोठी आणि डोक्याची लहान, म्हणून डोकं त्या खाचेत थोडं घरंगळतं, थोडं फिरतं. हाडांची पकड अशी सैल असल्यामुळे सगळी भिस्त भोवतालच्या अस्थिबंधांवर आणि मधल्या त्रिकोणी कूर्चेच्या चकतीवर असते.

या दुसऱ्या सांध्याचं महत्त्व अंशांत मोजलं जातं. निरोगी माणसाचा हात साधारण दीडशे ते एकशे ऐंशी अंश फिरतो. मॉरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रोजची कामं मोजून दाखवलं की त्यातले शंभर अंश, पन्नास उताण्याकडे आणि पन्नास पालथ्याकडे, असले तर बहुतेक निभतं. पण या दोन पन्नाशींची किंमत सारखी नाही. तळहात पालथा होत नसेल तर कोपर बाहेर उचलून खांदा ती उणीव भरून काढतो. लिहिता येतं, भाकरी थापता येते. उताणा होत नसेल तर खांद्याला काही करता येत नाही, कारण कोपर आत नेऊ पाहावं तर बरगड्या आडव्या येतात. सुट्टे पैसे घेणं, ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुणं, घास तोंडाशी नेणं, तान्ह्या बाळाच्या मानेखाली हात घालणं हे सगळं उताण्या हाताचं काम आहे. आत्या नेमकं हेच गमावून बसली होती.

डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या या मोडीचं वर्णन १८१४ मध्ये केलं, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशीएक वर्षं आधी, केवळ बोटांनी चाचपून. हात वाकडा राहिला तरी कालांतरानं तो मोकळा चालतो आणि वेदना जाते, असं त्यांचं मत होतं. दोनशे वर्षं हे मत डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या मनात घर करून बसलं आहे. 'वयाच्या मानानं ठीक आहे' हे वाक्य त्याचंच आजचं रूप. पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण पामर आणि वर्नर यांनी १९८४ मध्ये शवांच्या हातांवर मोजमाप केलं, तेव्हा चित्र बदललं. नेहमीच्या मनगटात भाराचे शंभरातले सुमारे ऐंशी भाग रेडियस पेलतो आणि वीस अल्ना. अल्ना अवघी अडीच मिलिमीटर लांब पडली, म्हणजे रेडियस तेवढा आखूड जुळला, तरी अल्नेवरचा भार चाळिशीच्या पुढे जातो. अडीच मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी.

मग अशा हाताचं करायचं काय? बराच काळ सरधोपट उत्तर होतं: अडतंय ते डोकं कापून टाका. न्यूयॉर्कच्या विल्यम डॅराक यांचं नाव या शस्त्रक्रियेला १९१२च्या सुमारास चिकटलं. पुढे १९३६ मध्ये फ्रान्सच्या सोव्हे आणि कापान्जी यांनी वेगळी युक्ती काढली. अल्नेचं डोकं रेडियसला कायमचं जोडायचं आणि त्याच्या वर हाडात मुद्दाम फट ठेवायची, म्हणजे फिरणं त्या फटीत होईल. १९८५ मध्ये बोवर्स यांनी अर्धंच डोकं काढून अस्थिबंध राखायचा मार्ग सुचवला. तिन्हींनी पुष्कळ हात फिरते केले, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. आमवातानं जीर्ण झालेल्या, हलकं काम करणाऱ्या हाताला डॅराकची शस्त्रक्रिया आजही मोठा दिलासा देते. उलट आमवातात हे डोकं तसंच राहू दिलं तर त्याची खरबरीत कड बोटं उचलणाऱ्या कंडरा झिजवून तोडते. व्हॉन-जॅक्सन यांनी १९४८ मध्ये हे दाखवून दिलं होतं.

आत्याच्याही अल्नेचं डोकं कापलं. हात वळला. वेदना उतरली. देवळात तिनं ओंजळभर तीर्थ घेतलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आठ महिन्यांनी तिची तक्रार सुरू झाली: 'कळशी उचलली की आत काहीतरी खटकतं.' तीन ठिकाणी एक्स-रे काढले, तिन्ही ठिकाणी सांगितलं की सगळं व्यवस्थित आहे. चौथ्या ठिकाणी हाताच्या एका शल्यचिकित्सकांनी तिला टेबलाशी बसवलं, कोपर काटकोनात, अंगठा वर, आणि हातात दोन-सव्वादोन किलोचं वजन देऊन त्याच अवस्थेत एक्स-रे घेतला. मी शेजारी उभा होतो. आधीच्या फिल्ममध्ये दोन हाडांत बोटभर नाही तरी चांगली फट दिसत होती. या फिल्ममध्ये फट नव्हती. अल्नेचं कापलेलं टोक रेडियसच्या कडेला भिडलेलं होतं आणि तिथे रेडियसला खळी पडलेली होती, दोरानं विहिरीच्या काठाला पडते तशी. रिकाम्या हाताचा एक्स-रे तिच्या वेदनेबद्दल खोटं बोलत नव्हता. त्याला तो प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

ही तपासणी लीस आणि शेकर यांनी १९९७ मध्ये मांडली. लुईस शेकर मूळचे डॉमिनिकन प्रजासत्ताकातले आणि काम केलं अमेरिकेत केंटकीच्या लुईव्हिल शहरात. या सगळ्या विषयाला वळण देणारी गोष्ट त्यांनी आग्रहानं सांगितली: अल्नेचं डोकं हे फिरण्याच्या आड येणारं फाजील हाड नाही, तो भार पेलणारा आधार आहे. हातात वस्तू धरून कोपर वाकवलं की पंजा आणि रेडियस मिळून अल्नेच्या डोक्यावर टेकतात. आधार काढला की रेडियस कलंडणार आणि उरलेल्या टोकावर आदळणार. डोकं कापलेल्या हाताला रिकामं फिरणं जमतं, भरलेलं फिरणं दुखतं, याचं कारण हे.

यातूनच कृत्रिम सांध्याचे दोन रस्ते निघाले. पहिला, अल्नेचं फक्त डोकं बदलायचं. स्वॉन्सन यांनी सिलिकॉनची टोपी करून पाहिली होती; ती तुटायची, झिजायची, आणि तिचा चुरा सांध्यात दाह करायचा. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे टिमथी हर्बर्ट यांनी टायटॅनियमच्या दांड्यावर सिरॅमिकचं डोकं बसवलं आणि हा रस्ता पक्का झाला. आता तशी अनेक बनावटीची डोकी आहेत. वेदना कमी होते, पकडीचा जोर वाढतो. पण हे डोकं जाग्यावर राहतं ते रुग्णाच्याच अस्थिबंधांच्या जिवावर. ते फाटलेले असतील तर डोकं निसटतं, आणि कठीण गोळा मऊ हाडाच्या खाचेत वर्षानुवर्षं घासत राहिल्यानं खाच कोरली जाते.

दुसरा रस्ता शेकर यांचा: डोकं आणि खाच दोन्ही बदलायची आणि अस्थिबंधांचं कामही यंत्रालाच द्यायचं. रेडियसच्या कडेला स्क्रूंनी एक पट्टी बसते, तिच्या टोकाशी धातूची वाटी. अल्नेच्या पोकळीत दांडा जातो, त्याच्या खुंटीवर कठीण प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिएथिलीनचा चेंडू. चेंडू वाटीत बसवून वर झाकण लावायचं. वाटी चेंडूभोवती फिरते, चेंडू खुंटीवर वर-खाली सरकू शकतो, म्हणून हाडांची नैसर्गिक सरक कायम राहते आणि निसटणं मात्र थांबतं. अमेरिकेत या सांध्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. मध्यम मुदतीच्या प्रसिद्ध अहवालांत शंभरातले नव्वदहून अधिक सांधे जागेवर टिकलेले दिसतात, आणि मुख्य म्हणजे या लोकांना वजन उचलता येतं. सुरुवातीचे बरेच अहवाल खुद्द निर्मात्याच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या हातचे आहेत, रुग्णसंख्या लहान आहे, हे वाचकानं ध्यानात ठेवावं. करंगळीच्या बाजूची कंडरा धातूवर घासणं, नको तिथे हाड वाढणं, निकेलची ॲलर्जी या अडचणी येतात आणि काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. तरीही माझं मत सांगतो: कोपराखालच्या हातात कृत्रिम सांध्यानं खरोखर नवं असं काही दिलं असेल, तर ते इथे.

मनगटाच्या मुख्य सांध्याची कहाणी जास्त जुनी आणि जास्त खडतर आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० मध्ये हस्तिदंताचे सांधे बसवले, गुडघा, कोपर आणि मनगटसुद्धा. रुग्ण क्षयरोगानं सांधे नासलेले. जंतुसंसर्गानं एकेक सांधा वाया गेला. वरिष्ठांनी विरोध केला आणि हे काम कित्येक दशकं अडगळीत पडलं. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत मिशिगनच्या आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी सिलिकॉनची लवचीक पाचर आणली. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडचे मॉयली आणि ॲरिझोनाचे व्होल्झ यांनी धातू-प्लास्टिकचे सांधे आणले. पुढे बायॅक्सियल, युनिव्हर्सल, री-मोशन, मोटेक अशी पिढ्यांची रांग लागली. प्रत्येक पिढीनं आधीच्या पिढीचा दोष काढला: कधी सांधा निखळत होता, कधी हात एका बाजूला ओढला जात होता, कधी खिळे सैल होत होते.

शेवटचा दोष अजून पुरता सुटलेला नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लांब, जाडजूड हाडं असतात; दांडा खोलवर रोवता येतो. मनगटात वरच्या बाजूला रेडियस आहे, पण खालच्या बाजूला बोराएवढ्या हाडांची चळत. त्यात खिळा रोवणं म्हणजे वाळूच्या वाड्यात खुंटी ठोकण्यासारखं. पंजाची लांबी ही तरफ होऊन प्रत्येक उचलीला तोच खिळा हलवत राहते. नॉर्वेत १९९४ पासून सगळ्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंद होते. तिथल्या १८९ मनगटांचा हिशोब २०११ मध्ये प्रसिद्ध झाला: पाच वर्षांनंतर शंभरातली सुमारे ७८ जागेवर होती. नव्या बनावटींचे आकडे याहून बरे आहेत. पण कुठल्याही चांगल्या केंद्रात गुडघ्याबद्दल जे छातीठोकपणे सांगतात, ते मनगटाबद्दल आज कुणी सांगत नाही. सांधा निकामी झाला की शेवटी मनगट जोडूनच टाकावं लागतं, आणि तेव्हा मधे हाड उरलेलं नसतं.

इथे तो फरक येतो ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. मनगटाचा मुख्य सांधा कायमचा जोडून टाकणं, डॉक्टरांच्या भाषेत फ्यूजन, ही हार नाही. पट्टी आणि स्क्रू लावून मनगट किंचित मागे झुकलेलं, दहा-वीस अंशांवर, पक्कं केलं तर वेदना जाते, पकड दणकट होते आणि तळहात उताणा-पालथा पूर्वीसारखाच होतो. गवंडी, सुतार, शेतकरी अशा हातानं पुन्हा कामाला लागतात. अल्नेच्या सांध्याला मात्र असा मानाचा पर्याय नाही. सोव्हे-कापान्जींसारखी फट न ठेवता दोन हाडं एकमेकांना जोडून 'एका हाडाचा हात' करणं हा शेवटचा उपाय, आणि तो केला की फिरणं कायमचं संपलं. जिथे जोडल्यावर थोडंच हरवतं, तिथला कृत्रिम सांधा डळमळीत आहे. जिथे जोडल्यावर सारंच हरवतं, तिथला बऱ्यापैकी भरवशाचा. असं असून पहिल्याबद्दलच जास्त बोललं जातं.

मनगट जोडल्यानं हरवतं ते काय, हे मात्र देशोदेशी सारखं नसतं. नमस्काराला दोन्ही मनगटं मागे वळावी लागतात. जमिनीवर मांडी घालून बसलेलं माणूस उठताना तळहात टेकून सगळा भार मनगटावर देतं. शौचाला पाणी घेणाऱ्या हाताला मनगट पुढे वाकवावं लागतं. दोन्ही मनगटं जोडली तर रोजची शुचिताच परावलंबी होते. म्हणून दोन्ही मनगटं आमवातानं गेलेल्या रुग्णात एक जोडायचं आणि दुसरं बदलायचं, असा जुना सल्ला आहे. आपल्याकडे तर तो अधिकच शहाणपणाचा वाटतो. पण बदललेल्या मनगटाला बहुधा कायमचं बंधन असतं: चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही, तळहात टेकून भार द्यायचा नाही. खुरपणी करणाऱ्या बाईला किंवा धुणं पिळून पोट भरणाऱ्या मावशींना हे बंधन कागदावरच राहणार. त्यांच्यासाठी फ्यूजन, असं मी ठामपणे म्हणेन. बैठं काम करणाऱ्या, वेदनेनं बेजार झालेल्या आमवाताच्या रुग्णाला कृत्रिम मनगट सुख देऊ शकतं. नव्या औषधांनी असे रुग्णही कमी केले आहेत, ही आनंदाची गोष्ट.

आणि हे सगळं करण्याआधी करण्यासारखं पुष्कळ असतं. कूर्चा शाबूत असेल तर वाकडं जुळलेलं हाड पुन्हा कापून सरळ करता येतं. अल्ना लांब पडली असेल तर तिचा काही मिलिमीटरांचा तुकडा मधून काढून ती आखूड करता येते. मिल्च यांनी ही शस्त्रक्रिया १९४१ मध्येच सांगितली आहे. या दोन्हींत सांधा स्वतःचाच राहतो. डोकं कापून झाल्यावर हे दोन्ही दरवाजे बंद होतात. त्याच्याही आधी, पहिल्या प्लास्टरच्या वेळी, हाड आखूड होत असल्याचं ओळखता येतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा एक्स-रे काढला की घसरलेलं हाड दिसतं, आणि तेव्हा ते मूळ जागी आणता येतं. त्याची साधनं आपल्या दाराशी आहेत. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक सळ्या आणि दांड्यांची जी बाहेरून बसवायची चौकट तयार केली, ती 'जेस' नावानं देशभर वापरली जाते. २००० सालच्या आसपास आलेल्या, तळहाताच्या बाजूनं बसवायच्या लॉकिंग पट्ट्या आता तालुक्याच्या गावीही पोचल्या आहेत. आत्याचा दुसऱ्या आठवड्यातला एक्स-रे कुणी काढलाच नव्हता.

गुडघ्यात बसणाऱ्या सांध्यांच्या किमतीला सरकारनं २०१७ मध्ये लगाम घातला. मनगटासाठी मला त्याहून वेगळी गोष्ट आधी हवी आहे: बसवलेल्या प्रत्येक सांध्याची नॉर्वेसारखी नोंद, आणि त्या नोंदीत अंशांच्या शेजारी आणखी एक रकाना. जमिनीवरून उठता येतं का, कळशी उचलता येते का, ओंजळ होते का. या रकान्यात इथल्या शल्यचिकित्सकांनी लिहिलेलं जगालाही उपयोगी पडेल, कारण जमिनीवर बसणारी, हातानं जेवणारी माणसं जगात थोडी नाहीत.

वजन धरून एक्स-रे काढणाऱ्या त्या डॉक्टरांनी आत्याला शेकर यांच्या सांध्याबद्दल सविस्तर सांगितलं, प्लास्टिकचा हात पुढे ठेवून चेंडू वाटीत कसा बसतो ते दाखवलं. तिनं तो चेंडू बोटांनी फिरवून पाहिला. मग दिवसभरात उजव्या हातानं काय काय करता ते लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन तिनं वहीच्या पानावर बावीस कामं लिहिली. सगळ्यात वर कळशी होती. दोन दिवसांनी तिनं ती खोडली, समोर लिहिलं, 'नळ स्वयंपाकघरात घ्यायचा', आणि प्लंबरला बोलवायला मला पाठवलं. उरलेली एकवीस तिची ती करते. तीर्थ सतराव्या क्रमांकावर आहे.